विकरसिद्ध स्निग्ध पदार्थ आणि करडई-जवसाचे मोल

खाद्यतेलांच्या व्यवसायात एक नवी विद्या रूढ होत आहे. तेलातील मेदाम्लांची अदलाबदल विकरांच्या, म्हणजे एंझाइमांच्या, साह्याने घडवून आणावयाची आणि त्यातून शरीरास हितकर अशा मेदाम्लांनी समृद्ध केलेला स्निग्ध पदार्थ तयार करावयाचा, असे तिचे थोडक्यात स्वरूप आहे. परदेशांत ती मोठ्या कारखान्यांपर्यंत पोहोचली आहे. आपल्या देशातील प्रयोगशाळांतही तिचा अभ्यास झाला आहे. परभणीहून मानवतकडे जाताना लागणाऱ्या पेडगावच्या शेतकऱ्यास हे ऐकून, या पुस्तकी शास्त्राचा आपल्या करडईशी काय संबंध, असे वाटल्यास त्यात नवल नाही. परंतु हे विकर ज्या तेलावर काम करतात ते तेल कारखान्यात निपजत नाही. ते कोणाच्या तरी रानात निपजते, आणि त्याची प्रत बी खळ्यावर असतानाच पुष्कळशी ठरून गेलेली असते. बाजारात मात्र या प्रतीला मोल नाही. तेलबिया वजनावर घेतल्या जातात, तेलावर नव्हे. ही रीत चालू आहे तोवर नव्या विद्येचा लाभ शेतकऱ्याच्या दारापर्यंत येण्याचा संभव फार थोडा आहे.

हे नीट समजण्यासाठी तेलाची घडण प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. तेल असो, तूप असो वा चरबी असो, तिचा प्रत्येक सूक्ष्म कण तिफणीसारखा असतो. तिफणीच्या दिंडास तीन फण बसविलेले असतात, त्याचप्रमाणे ग्लिसरीन नावाच्या द्रव्यास तीन मेदाम्ले जोडलेली असतात. दिंड सर्व तेलांत एकच. फण मात्र निरनिराळे. पामतेलात पामिटिक आम्लाचे फण पुष्कळ, म्हणून ते थंडीत थिजते. भुईमुगाच्या तेलात ओलेइक आम्ल मोठ्या प्रमाणात असते. करडईच्या नेहमीच्या वाणांच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश लिनोलेइक आम्ल असते, तर जवसाच्या तेलात निम्मे किंवा त्याहून थोडे अधिक लिनोलेनिक आम्ल असते. यांपैकी लिनोलेइक हे ओमेगा-सहा गटातील आणि लिनोलेनिक हे ओमेगा-तीन गटातील होय. ही दोन मेदाम्ले मनुष्याच्या शरीरास स्वतः तयार करता येत नाहीत. ती अन्नातूनच मिळावी लागतात. शहरी तेलांच्या जाहिरातींत ज्या ‘ओमेगा’चा एवढा बोलबाला असतो तो हाच. पेडगावच्या घरात जवसाची चटणी वाटली जाते तेव्हा त्याच द्रव्याचा पुरवठा कोणतीही जाहिरात न करता होत असतो.

तिफणीच्या तीन फणांपैकी कोणता फण मधला आणि कोणते कडेचे, यालाही महत्त्व आहे. अन्न पचताना शरीरातील पाचकरस कडेचे दोन फण तोडतो आणि मधला फण दिंडासह आत शोषला जातो. आईच्या दुधातील पामिटिक आम्लाचा मोठा भाग मधल्या जागी असतो, म्हणून तान्ह्या बाळास तो सुखाने पचतो. वनस्पतिजन्य तेलांत हेच आम्ल बहुतांशी कडेच्या जागी बसलेले असते. ते सुटे झाले म्हणजे बाळाच्या आतड्यात चुन्याशी, म्हणजे कॅल्शियमशी, त्याचा एक प्रकारचा साबण बनतो. त्यामुळे शौचास कठीण होते आणि चुनाही वाया जातो. आम्ल तेच, पण जागा बदलली की गुण बदलला. हा भेद कळल्यावर शास्त्रज्ञांनी मधला फण न हलविता कडेचे फण तेवढे बदलण्याचा उपाय शोधला. १९९० च्या दशकात युरोपात बालअन्नासाठी असा स्निग्ध पदार्थ बाजारात आला आणि तो तयार करण्याचे साधन होते लायपेज हे विकर.

विकर म्हणजे सजीवांच्या शरीरात रासायनिक क्रिया घडवून आणणारी द्रव्ये. मटकीस मोड येतात, फळ पिकते, दुधाचे चीज होते, या सर्वांमागे निरनिराळी विकरे असतात. स्निग्ध पदार्थांवर काम करणाऱ्या विकरास लायपेज असे म्हणतात. बियांत, बुरशींत, जंतूंत, प्राण्यांच्या पोटात, सर्वत्र ते आढळते. कारखान्यात वापरावयाचे लायपेज बहुधा विशिष्ट बुरशींपासून मिळवितात आणि ते बारीक खड्यांवर पक्के बसवून त्या खड्यांनी उंच नळकांडे भरतात. वरून कोमट किंवा ऊन तेल सोडले की ते खड्यांमधून झिरपत खाली येते आणि येता येता त्यातील मेदाम्लांची अदलाबदल झालेली असते. विकर तेलात विरघळत नाही, खर्चीही पडत नाही; तेच खडे दीर्घकाळ कामास येतात.

यात एक मर्म असे आहे की, ज्याची जाण प्रत्येक शेतकऱ्यास असणे अगत्याचे आहे. लायपेज एकच, परंतु त्याच्याभोवती पाणी किती आहे यावर ते जोडील की तोडील हे ठरते. पाणी अगदी अल्प असेल तर ते मेदाम्लांची अदलाबदल करते व नवी जोडणी घडविते. पाणी भरपूर असेल तर ते फण तोडून सुटे करते. म्हणूनच कारखानदार नळकांड्यात जाणारे तेल आधी काळजीपूर्वक कोरडे करून घेतो. आणि म्हणूनच ओल्या बियांच्या ढिगात तेच लायपेज, कोणी न बोलावता, शेतकऱ्याचे तेल नासवीत बसते.

सोयाबीनची रास पावसात सापडली, सरकी ओली असताना गंजीस लागली, की दोन-चार दिवसांत ढिगात हात घातल्यास ऊब लागते. अनुभवी शेतकरी म्हणतो, माल तापला. वस्तुतः त्या वेळी दाणा श्वसन करीत असतो, त्यावर बुरशी वाढत असते, आणि दाण्यातील व बुरशीतील लायपेज तेलाच्या तिफणी मोडून मेदाम्ले सुटी करीत असते. अशा बियांपासून काढलेल्या तेलास खवट वास येतो व घशाशी ते लागते. तेल शुद्ध करताना ही सुटी आम्ले काढून टाकावी लागतात, आणि ती काढताना त्यांच्याबरोबर चांगले तेलही काही प्रमाणात जाते. म्हणजे गिरणीवाल्याचे नुकसान दुहेरी होते. ते तो स्वतः सोसत नाही. पुढच्या वर्षी त्या भागातील सर्वच माल पडत्या भावाने मागून ते भरून काढतो. ज्याने माल कोरडा ठेवला त्याच्याही वाट्याला तोच भाव येतो. विकराची विद्या दूर परदेशात आहे अशी समजूत असली तरी तिचा उलटा प्रयोग गावोगावच्या ओट्यांवर आणि गोदामांत दर पावसाळ्याच्या अखेरीस होत असतो.

आता कारखान्यास या विद्येची गरज का भासली ते पाहणे इष्ट होईल. १९३० च्या दशकापासून मुंबईच्या परिसरात वनस्पती तूप तयार होऊ लागले. पातळ तेलात निकेल धातूच्या साह्याने हायड्रोजन वायू मिसळून ते तुपासारखे घट्ट करण्याची ती पद्धत होती. ‘डालडा’ हे एका मालाचे नाव खेड्यापाड्यांत वनस्पती तुपाचेच नाव होऊन बसले, इतका त्याचा प्रसार झाला. तथापि या क्रियेत काही मेदाम्ले ट्रान्स नावाचे निराळे रूप धारण करतात आणि ते रूप हृदयविकारास पोषक ठरते, हे पुढे निर्विवाद सिद्ध झाले. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने तेले व स्निग्ध पदार्थांतील औद्योगिक ट्रान्स मेदाम्लांची मर्यादा जानेवारी २०२१ पासून तीन टक्क्यांवर आणि जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांवर आणली. बिस्किटे, खारी, पाव यांस घट्ट स्निग्ध पदार्थ तर लागतोच. मग हायड्रोजन न मिसळता तेल घट्ट कसे करावे? एक घट्ट आणि एक पातळ तेल एकत्र करून त्यांच्या फणांची अदलाबदल केली तर हवा तसा मऊ-घट्ट पदार्थ मिळतो. ही अदलाबदल तीव्र रसायनांनीही होते. परंतु त्यात तेल अधिक वाया जाते व धुण्यास पाणीही पुष्कळ लागते. विकराने ती सौम्यपणे होते. अमेरिकेत याच कामगिरीस २००५ मध्ये तेथील शासनाचा हरित रसायनशास्त्राचा पुरस्कार मिळाला.

आपल्या देशात मैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत २००२ च्या सुमारास खोबरेल तेलास ओमेगा-तीन व ओमेगा-सहा गटांतील मेदाम्ले लायपेजच्या साह्याने जोडण्याचे प्रयोग झाले. खोबरेलातील आखूड मेदाम्ले लवकर पचतात, पण त्यात शरीरास अत्यावश्यक असलेली मेदाम्ले नाममात्रच असतात. दोहोंचे गुण एका कणात आणावयाचे हा त्या प्रयोगांचा हेतू होता. ज्या रुग्णांस स्निग्ध पदार्थ पचत नाहीत त्यांच्यासाठी अशा पदार्थांचे मोल मोठे आहे.

येथे थोडे थांबून एका भ्रमाचे निराकरण करणे जरूर आहे. विकर मेदाम्ले जोडते, तोडते, जागा बदलते; ते ओमेगा-तीन निर्माण करीत नाही. ज्या तेलात जवसाचे वा माशाचे तेल आले नाही त्यात कोणतेही लायपेज ओमेगा-तीन आणू शकणार नाही. तसेच केवळ आहारात दोन्ही मेदाम्ले यावीत एवढाच हेतू असेल तर दोन तेले आलटूनपालटून वापरल्याने तो पुष्कळ अंशी साधतो. त्यासाठी विकराचा खर्च करण्याचे कारण नाही. निरनिराळी तेले वापरावीत हा आहारतज्ज्ञांचा सल्ला याच विचाराने दिलेला असतो. विकराची खरी जागा आहे ती घट्टपणा आणि फणांची जागा यांना महत्त्व आहे तेथे: बेकरीचा स्निग्ध पदार्थ, बालअन्न, रुग्णाचे अन्न. जवसातील ओमेगा-तीन आणि माशांतील ओमेगा-तीन हीदेखील तंतोतंत एक नव्हेत. पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर करण्याची शरीराची शक्ती मर्यादित आहे. भारी किमतीच्या डब्यावर ‘हृदयास हितकर’ असे छापलेले दिसले म्हणून त्याची तुलना घरच्या ताज्या तेलाशी करून शेतकऱ्याने खजील होण्याचे काही कारण नाही.

हे एवढे सांगितल्यावर जे उरते ते लहान नाही. विकरास अत्यावश्यक मेदाम्लांचा उगम बाहेरूनच पुरवावा लागतो, आणि मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत त्याचे दोन उत्तम उगम परंपरेने होत आले आहेत. करडई आणि जवस ही दोन्ही रब्बीची, कोरडवाहू, जमिनीतल्या ओलीवर येणारी पिके. करडईचे सोटमूळ खोल जाते, त्यामुळे वरची ओल आटल्यावरही ती तग धरते. जुन्या काळी ज्वारीच्या शेताच्या कडेने करडईचे तास घालीत. काट्यांमुळे गुरे आत शिरत नसत आणि घरचे तेलही निघत असे. जवस हरभऱ्याबरोबर अथवा बांधाच्या कडेने पेरले जाई.

या पिकांवर परभणीत झालेले काम थोडे नाही. मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना १९७२ मध्ये झाली. २०१३ पासून ते वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते. तेथील करडई संशोधनातून शारदा, परभणी कुसुम, पूर्णा असे वाण शेतकऱ्यांच्या हाती आले. जवसाचा लातूर जवस-९३ हा वाण याच विद्यापीठाच्या लातूर केंद्राचा. हैदराबादच्या भारतीय तेलबिया संशोधन संस्थेने आयएसएफ-१ सारखे करडईचे असे वाण तयार केले आहेत की, ज्यांच्या तेलात लिनोलेइकऐवजी ओलेइक आम्ल प्रधान असते. असे तेल तापविले असता लवकर बिघडत नाही आणि साठवणीतही अधिक टिकते. म्हणजे करडई हे आता एकच पीक राहिलेले नाही. दोन निरनिराळ्या तेलांची ती दोन पिके आहेत.

असे असूनही करडईचे क्षेत्र गेल्या चार दशकांत देशभर अनेक पटींनी घटले. काटे, मावा, कापणीस मजुरांची वाण, ही कारणे नेहमी सांगितली जातात. बिनकाट्याचे वाण आले, कापणी-मळणीचे संयुक्त यंत्रही करडईत चालू लागले. तरी खरिपात सोयाबीन आणि त्यामागे हरभरा ही जोडी शेतात बसली ती उठली नाही. शेतकरी वेडेपणाने हे करीत नाही. ज्या मालाला दारात गिऱ्हाईक आहे तोच तो पेरतो. करडईस निदान किमान आधारभूत भाव आहे. २०२५-२६ च्या रब्बी विपणन हंगामासाठी तो क्विंटलमागे ५,९४० रुपये होता. ओमेगा-तीनचा कोरडवाहू जमिनीतील सर्वांत समृद्ध उगम असलेल्या जवसास तर आधारभूत भावाच्या यादीत जागाच नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने तेलबियांच्या राष्ट्रीय अभियानास २०३०-३१ पर्यंतच्या काळासाठी १०,१०३ कोटी रुपये मंजूर केले. त्या वेळी देशाच्या खाद्यतेलाच्या मागणीपैकी सुमारे ५७ टक्के भाग आयातीने भागविला जात होता. एवढ्या मोठ्या योजनेच्या सावलीत जवसाचा भाव व्यापाऱ्याच्या मर्जीवर असावा, ही विसंगती दूर होणे न्याय्य ठरेल.

परंतु नुसत्या आधारभूत भावाने प्रश्न सुटणार नाही, कारण तो भावही वजनाचाच आहे. २६ टक्के तेलाची करडई आणि ३२ टक्के तेलाची करडई एकाच काट्यावर एकाच दराने तोलली जाते. क्विंटलमागे सहा किलो तेलाचा हा फरक, पण त्याचा एक पैसा उत्पादकास मिळत नाही. मग अधिक तेलाचा वाण कोणी का पेरावा? अधिक वजन देणारा वाण पेरणेच शहाणपणाचे ठरते.

ओलाव्याचे गणित याहून उलटे आहे. २०२४ च्या सप्टेंबरात परभणी जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. त्या हंगामात पुष्कळ सोयाबीन ओलसर राहिले आणि सरकारी खरेदीतील ओलाव्याची बारा टक्क्यांची मर्यादा नोव्हेंबरात तात्पुरती पंधरा टक्क्यांपर्यंत वाढवावी लागली. शेतकरी अडचणीत असता दिलेली ही सवलत योग्यच होती. पण हिशेब पाहा. पंधरा टक्के ओलाव्याचे एक क्विंटल सोयाबीन उन्हात वाळवून बारा टक्क्यांवर आणले तर त्याचे वजन सुमारे ९६ किलो ६०० ग्रॅम भरते. त्या हंगामाच्या ४,८९२ रुपये आधारभूत भावाने ही घट सुमारे १६७ रुपयांची. म्हणजे ज्याने ताडपत्री पसरली, रास दोनदा पालटली, मजुरी दिली, त्याने वर १६७ रुपये गमावले. आणि ज्याने ओला माल तसाच काट्यावर चढविला त्यास पाण्याचेही दाम मिळाले. पुढे त्या पाण्यानेच लायपेज आपले काम करते. तेलाची नासाडी थांबवावयाची तर ती करणाऱ्याला बक्षीस देणारी ही पद्धत प्रथम थांबविली पाहिजे.

खाजगी बाजारात ओलाव्याची कपात होते खरी. ती मुठीत दाणे घेऊन, दाताखाली फोडून, अंदाजाने होते, आणि ती नेहमी एकाच दिशेने होते. दाणा ओला निघाला तर भाव उतरतो. खडखडीत कोरडा निघाला म्हणून भाव चढल्याचे ऐकिवात नाही.

दुधाच्या व्यवहारात हाच प्रश्न फार पूर्वी सोडविला गेला आहे. संस्थेत दूध घालणारी गावची बाई लिटरावर भांडत नाही, ती फॅटवर भांडते. म्हशीच्या घट्ट दुधास एक दर, पातळ दुधास दुसरा, आणि पाणी घालणाऱ्यास दंड. हा न्याय अक्षरओळख नसलेल्यासही समजला, कारण तपासणी डोळ्यांसमोर होते आणि चिठ्ठी हातात मिळते. तेलबियांचे वेगळे असण्याचे कारण नाही. अवरक्त किरणांवर चालणारी यंत्रे बी न फोडता तेलाचा व ओलाव्याचा टक्का काही मिनिटांत दाखवितात. ओलावामापक तर त्याहून कितीतरी साधा व स्वस्त असतो. शेतकरी उत्पादक कंपन्या आणि सहकारी संस्था यांनी एकत्र येऊन खरेदी केंद्रापाशी असे एखादे यंत्र ठेवले तर खर्चाचा भार एकट्यावर पडत नाही.

यावर एक आक्षेप असा घेतला जातो की, लहान शेतकऱ्याचा माल दोन-चार पोती. त्याची तपासणी परवडत नाही. आक्षेप निराधार नाही. परंतु दुधाच्या संस्थेत दोन लिटर घालणारीचेही दूध तपासले जातेच. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. तपासणी सुरू झाली की ती कपातीसाठीच वापरली जाईल, वाढीव भावासाठी नाही, अशी भीती शेतकऱ्यास वाटते, आणि आजवरचा अनुभव पाहता ती वाटावी हे रास्तच आहे. म्हणून दोन्ही बाजूंचा तक्ता आधी ठरला पाहिजे: ठरावीक टक्क्याच्या वर प्रत्येक टक्का तेलास किती वाढ, आणि खाली किती घट. केवळ कपातीचा तक्ता लावणारे केंद्र शेतकऱ्यांनी नाकारावे हे उत्तम.

गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांचा या व्यवहाराशी संबंध केवळ बियाणे वाटण्यापुरता नाही. ओलेइकप्रधान करडई आणि नेहमीची करडई शेजारी शेजारी पेरली तर मधमाश्यांमुळे परागांची सरमिसळ होऊ शकते; खळ्यावर व पोत्यांत तर ती हमखास होते. एकदा मिसळली की दोन्ही तेलांचा विशेष गेला आणि तो माल पुन्हा सामान्य मालात जमा झाला. यास्तव एका शिवारात एकच प्रकार, निदान एका पट्ट्यात एकच प्रकार, अशी समजूत गावात घडविणे हे कार्यकर्त्याचे काम आहे. विकराची अदलाबदल करणारा कारखानदार पहिली अट घालील ती हीच की, येणाऱ्या तेलात कोणते मेदाम्ल किती हे निश्चित असावे. त्याचे नळकांडे ज्या मापाने भरले जाते, त्या मापाचे तेल त्यास दर खेपेस हवे असते.

जवसाचे थोडे निराळे आहे. जवसातील ओमेगा-तीन जितके मोलाचे तितकेच नाजूक. हवेतील प्राणवायू, ऊन आणि उष्णता यांनी ते झपाट्याने बिघडते, आणि हा बिघाड लायपेजमुळे होणाऱ्या खवटपणाहून वेगळा आहे. बी साबूत असेतोवर तेल कवचाच्या आत सुरक्षित असते. फोडले, दळले, घाण्यात घातले की घड्याळ सुरू झाले. जवस भाजून थोडथोडी चटणी करावयाची आणि ताजी संपवावयाची, ही पेडगावकडील घरांची रीत शास्त्रास धरूनच आहे. कारखान्यासाठी जवस विकावयाचा असेल तर तो बी म्हणूनच, कोरडा व साबूत विकावा. गावात तेल काढून डब्यांत भरून ठेवण्याचा मोह टाळावा हे बरे.

पेडगाव ज्या लोहमार्गावर आहे त्याच्या एका बाजूस परभणीचे विद्यापीठ आणि त्याचे अन्नतंत्र महाविद्यालय आहे. दुसऱ्या बाजूस जालना येथे मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेची मराठवाड्यातील शाखा २०१८ पासून सुरू आहे. तेलांच्या रसायनाचे ज्ञान आणि करडई-जवसाचे ज्ञान यांच्यामध्ये अंतर आहे ते एका सकाळच्या प्रवासाचे. या दोन संस्थांनी एखादे गाव निवडून, तेथील करडई वाणवार वेगळी ठेवून, तिचे तेल व मेदाम्ले तपासून, त्या तपासणीवर भाव दिला तर काय निष्पन्न होते हे दोन हंगामांत दिसून येईल. विकराचे नळकांडे उभारण्यापूर्वी हा प्रयोग करण्यास कोट्यवधी रुपये लागत नाहीत. त्यासाठी हवेत ते पेरणीआधी झालेला लेखी करार, वेगवेगळी पोती आणि प्रामाणिक काटा.

करडईची कापणी फेब्रुवारी-मार्चात येते. त्या वेळी ऊन कडक असते व दाणा सहसा आपोआपच वाळतो. तरी २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चातील गारपीट ज्यांनी पाहिली आहे ते आभाळावर भरवसा ठेवणार नाहीत. मळणीनंतर दाणा आठ टक्क्यांच्या आत वाळलेला असावा, पोती जमिनीस व भिंतीस न टेकविता फळ्यांवर रचावीत, आणि प्रत्येक पोत्यास वाणाचे नाव, मळणीची तारीख व तपासलेला ओलावा लिहिलेली चिठ्ठी बांधावी. सोयाबीनच्या बाबतीत हीच चिठ्ठी ऑक्टोबरात लागते, आणि तेथे तिची गरज अधिक आहे. कार्यकर्त्याने ओलावामापक घेऊन खळ्यावर जाण्याचा दिवस माल बाजारात निघण्याच्या आधीचा असावा, नंतरचा नव्हे. कारण व्यापाऱ्याच्या काट्यापाशी पोहोचताना आपल्या मालात पाणी किती आणि तेल किती हे शेतकऱ्यास त्याच्याआधी ठाऊक असेल, तरच भावाची बोलणी दोन्ही बाजूंनी होतील.